चोराला मोकळीक, लुटलेल्याला उपदेश

घरफोडी झाल्यावर चोराचा माग काढण्याऐवजी घरमालकालाच 'कडी नीट का लावली नाही' म्हणून दरडावणारा फौजदार लोकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. मोबाईल आणि संगणक यांच्या मार्गाने चाललेल्या लुटीबाबत ही वृत्ती म्हणजेच जणू शासनाचे आणि बँकांचे धोरण होऊन बसली आहे. 'सावध राहा, ओटीपी कोणाला सांगू नका' हा उपदेश जाहिरातींतून आणि फोन लावताना ऐकू येणाऱ्या ध्वनिफितींतून अहोरात्र करण्यात आला. त्याने लूट घटली काय? केंद्र सरकारने लोकसभेत दिलेल्या आकड्यांनुसार २०२३ साली नागरिकांनी सुमारे ७,४६५ कोटी रुपये गमावले; २०२४ साली सुमारे २२,८४५ कोटी. एका वर्षात तिपटीने वाढणाऱ्या रोगावर उपदेशाचा काढा पुरा पडत नाही, हे आता मान्य करावयास हवे.

तथाकथित 'डिजिटल अटके'चेच उदाहरण घ्यावे. निवृत्त माणसाला फोन येतो: तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले आहेत, तुमचे आधार कार्ड काळ्या पैशाच्या प्रकरणात वापरले गेले आहे. मग पडद्यावर वर्दीतला अधिकारी, त्याच्यामागे कार्यालयाचा देखावा, न्यायालयाचा बनावट हुकूम. कॅमेऱ्यासमोरून हलायचे नाही, घरात कोणाला सांगायचे नाही, आणि 'तपासणीसाठी' सारी रक्कम सांगितलेल्या खात्यात भरायची. भारतीय कायद्यात अशी अटक अस्तित्वातच नाही. तरीही सुशिक्षित माणसे तिला बळी पडतात, ती हावेमुळे नव्हे, भीतीमुळे. ज्या देशात पोलीस ठाण्याची पायरी चढताना निरपराध माणसाचेही पाय लटपटतात, तेथे खोट्या वर्दीचा धंदा चालणारच. खऱ्या वर्दीने पेरलेल्या भीतीचे पीक खोटी वर्दी कापून नेते.

फसणे हा भोळ्यांचाच दोष आहे, असे मानणाऱ्यांनी पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचा प्रकार आठवावा. ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ रोजी तिच्या संगणक यंत्रणेत शिरलेल्या चोरांनी बनावट कार्डांनी २८ देशांतील एटीएममधून पैसे काढले, काही रक्कम हाँगकाँगच्या खात्यात वळविली आणि एकूण ९४ कोटींहून अधिक रुपये लांबविले. बँकेपाशी यंत्रणा होती, तिची देखभाल करणारी माणसे होती. तरीही ती लुटली गेली. तिला कोणी मूर्ख ठरविले नाही, आणि ते योग्यच झाले. मग आयुष्याची पुंजी गमावलेल्या शिक्षिकेच्या वाट्याला मात्र कुत्सित हसू का यावे?

शिवाय हा मार्ग जनतेने स्वेच्छेने निवडला, असेही नाही. २०१६ च्या नोटाबंदीनंतर सरकारनेच 'रोख सोडा, मोबाईल धरा' असा धोशा लावला. निवृत्तिवेतन, अनुदान, शाळेची फी, सारे हळूहळू फोनला जोडले गेले. ज्यांनी लोकांना या रस्त्यावर आणले, त्यांनी त्यावरील दरोड्यांची जबाबदारीही घेतली पाहिजे.

ती कितपत घेतली गेली? रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाला काही संरक्षण दिले. दोष बँकेचा असेल, तर ग्राहकावर भुर्दंड नाही. दोष तिसऱ्याच कोणाचा असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत कळविले, तरीही नाही. परंतु ग्राहकाने स्वतः गुप्त क्रमांक सांगितला असेल, तर बँकेला कळविण्यापूर्वीचे सारे नुकसान त्याच्याच माथी. आजचा चोर नेमका याच फटीतून आत येतो. तो कुलूप तोडीत नाही. धाक दाखवून किल्ली मागून घेतो.

लुटीचा पैसा काही हवेत विरत नाही. तो कोणत्या तरी बँकेत, एखाद्या गरजवंताकडून भाड्याने घेतलेल्या खात्यात उतरतो आणि तेथून पाहता पाहता अनेक खात्यांत फुटतो. वर्षभर जेमतेम दहा हजारांची उलाढाल असलेल्या खात्यात एका दुपारी चाळीस लाख आले, तर बँकेच्या यंत्राला शंका येऊ नये? कर्जाचा एक हप्ता चुकल्याचे त्याच यंत्राला लगोलग कळते!

ब्रिटनने ७ ऑक्टोबर २०२४ पासून फसवून वळविलेल्या पैशाची ८५,००० पौंडांपर्यंतची भरपाई बँकांवर बंधनकारक केली. तिचा निम्मा भार पैसे पाठविणाऱ्या बँकेवर, निम्मा स्वीकारणाऱ्या बँकेवर. अशाने ग्राहक बेफिकीर होतील, हा आक्षेप तेथेही घेतला गेला. म्हणून घोर निष्काळजीपणाचा अपवाद ठेवण्यात आला. भारतात मात्र उलटी गंगा वाहते. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहिती फुटल्यास २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण तो दंड जमा होणार सरकारी तिजोरीत. बाधित नागरिकाला भरपाई देणारे माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ४३-अ हे कलम याच कायद्याने वगळावयाचे ठरविले आहे. घाव नागरिकाला आणि मलमपट्टी तिजोरीला!

फोन करणारा चोर तरी नेहमी स्वतंत्र असतो काय? नोकरीच्या आमिषाने म्यानमार, कंबोडियात नेलेल्या तरुणांना डांबून त्यांच्याकडून हा धंदा करवून घेतला जातो. मार्च २०२५ मध्ये म्यानमारच्या सीमेवरून अशा केंद्रांतील ५०० हून अधिक भारतीयांना वायुदलाच्या विमानांनी परत आणावे लागले. एक बेकार तरुण वेठीस धरून दुसऱ्या घरचा म्हातारा लुटावयाचा, असा हा व्यापार आहे.

म्हणून कार्यकर्त्यांपुढे दुहेरी काम आहे. पहिले तातडीचे. वस्तीवस्तीत सांगावे की फोनवरून अटक होत नाही. पैसे मिळण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. लग्नपत्रिका वा दंडाची पावती म्हणून आलेली अनोळखी फाईल उघडू नये. कोणाच्या सांगण्यावरून आपला पडदा दुसऱ्याला दिसेल असे ॲप घेऊ नये. फसवणूक झालीच, तर त्या क्षणी १९३० हा क्रमांक फिरवावा, बँकेला लेखी कळवून पोच घ्यावी. आणि फसलेल्याला कोणी हसू नये. लाजेपोटी गप्प बसलेला माणूस चोराला हवा तो वेळ मिळवून देतो.

दुसरे काम लांब पल्ल्याचे: भरपाईची जबाबदारी दोन्हीकडच्या बँकांवर कायद्याने टाकावी, आणि माहिती फोडणाऱ्याने थेट बाधिताला भरपाई द्यावी, या मागण्यांसाठी जनमत उभे करण्याचे. नुकसान स्वतःच्या खिशातून भरावे लागेल, त्या दिवशी बँकांची यंत्रे आपोआप सावध होतील. तोवर सावधगिरीचा उपदेश करण्याचा नैतिक अधिकार त्यांना नाही.