दुर्बीण खोटी की पोराचा नेम?

या सदरात आपण पंप, पाभर, कडबाकुट्टी, तराजू अशी घरची अवजारे एकेक करून उलगडून पाहतो. आजचे अवजार जरा वेगळे आहे. ते छऱ्याच्या बंदुकीवर बसवायच्या दुर्बिणीचे आहे. शेतकऱ्याच्या घरात याचे काय काम, असे कोणी म्हणेल. पण आता शाळाशाळांतून नेमबाजी शिरली आहे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये रायफलचे कांस्यपदक आणले. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली कुस्तीत मिळवले, त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला एकट्याच्या बळावर मिळालेले हे पहिलेच ऑलिंपिक पदक. तेव्हापासून खेड्यातल्या पोरांच्या डोळ्यांपुढे बंदुकीची नळी दिसू लागली तर नवल नाही.

मागच्या महिन्यात रविवारी सकाळी आमच्या निगडीच्या घरी पवनमावळातले एक ओळखीचे शेतकरी आले. बरोबर नववीतला मुलगा, खांद्याला गोणपाटात गुंडाळलेली बंदूक. चहा पुढे आला तरी गृहस्थ बशीला हात लावीनात.

"अण्णा, तुम्ही कारखान्यात हत्यारांच्या खात्यात होता. एवढं सांगा, दुर्बीण खोटी हाय का ह्याचा नेम खोटा? इंद्रायणी तांदळाच्या पैशातनं दुर्बीण घेऊन दिली. छर्रा आज इकडं, उद्या तिकडं. पंधरा दिवसांवर शाळेची स्पर्धा आली. नेमच नसंल तर नाव काढून टाकतो, उगं हसं नको."

मुलगा खाली मान घालून बसला होता. माझ्या मनात आले, यंत्राचा गुन्हा पोराच्या माथी बसतो आहे की काय, हे आधी पाहिले पाहिजे.

बंदूक निगडीत उडवून बघण्याचा प्रश्नच नव्हता. १९७२ साली प्राधिकरण आले आणि इथली शेते प्लॉट झाली. आता भिंतीला भिंत आहे. म्हणून त्या दिवशी नुसती तपासणी केली आणि पुढच्या रविवारी त्यांच्या शेतावर जायचे ठरवले. तपासणी करतानाच निम्मे उत्तर मिळाले.

आधी नळी रिकामी असल्याची खात्री केली, मग दुर्बिणीच्या पट्ट्याला, म्हणजे तिला धरणाऱ्या कड्यांना हात लावला. मागचे कडे चक्क हलत होते. बंदुकीच्या पाठीवर ज्या खाचेत ही कडी बसतात, त्या खाचेत तेल माखलेले होते. बंदूक गंजू नये म्हणून मुलाने मायेने तेल लावले, पण खाचेत तेल असले की कडी सरकतात. तिथे कोरड्या फडक्याने घासून पुसावे, एवढा भाग तेलाविना ठेवावा.

आता छऱ्याच्या बंदुकीची खोड समजून घ्या. नळी मोडून भरायच्या स्प्रिंगच्या बंदुकीत चाप ओढला की दट्ट्या पुढे धावतो आणि बंदूक मागे येते. लगेच दट्ट्या आपटून थांबतो आणि बंदूक पुढे झटका खाते. दारूगोळ्याची मोठी रायफल एकाच बाजूला धक्का देते, ही दोन्ही बाजूंनी हिसका देते. त्यामुळे मोठ्या रायफलीसाठी केलेली महागडी दुर्बीणही अशा बंदुकीवर आतून खिळखिळी होऊ शकते. दुर्बीण घ्यायचीच तर एअरगनसाठी म्हणून केलेली घ्यावी. बंदुकीच्या पाठीला लहान भोक असेल तर त्यात बसणाऱ्या खुंटीचा पट्टा घ्यावा. खुंटी असली की पट्टा मागे सरकत नाही. बैलगाडीच्या कण्यालाही चाक निसटू नये म्हणून खीळ असतेच की.

बसवायची रीत अशी. कडी खाचेत बसवा, दुर्बीण त्यांत ठेवा, पण वरचे स्क्रू ढिलेच ठेवा. डोळे मिटून बंदूक नेहमीसारखी खांद्याला लावा, गाल दस्त्यावर टेकवा आणि डोळे उघडा. पूर्ण गोल उजेड दिसला पाहिजे. कडेला काळी सावली आली तर दुर्बीण मागेपुढे करा. बहुतेक दुर्बिणींना डोळा साधारण तीन-साडेतीन इंच लांब लागतो. माणसाने दुर्बिणीपाशी मान ताणू नये, दुर्बीण माणसापाशी आणावी.

मग फुली सरळ करणे. दहा पावलांवर गवंड्याचा ओळंबा टांगा आणि बंदूक आडवीतिडवी न करता फुलीची उभी रेघ त्या दोरीशी जुळवा. फुली तिरकी राहिली तर वरखाली करताना छर्रा बाजूलाही पळतो आणि माणूस चक्रावतो. शेवटी स्क्रू आवळा. एक पूर्ण आणि मग दुसरा असे नाही, तिरक्या जोडीने थोडे थोडे. बेताने आवळा. मी तरुणपणी जोर दाखवायला एका स्क्रूचे आटे मारले होते आणि तो ड्रिलने काढता काढता नळीच दाबली गेली. तेव्हापासून लांब दांड्याची किल्ली अशा कामाला घेत नाही.

पुढच्या रविवारी त्यांच्या शेतावर गेलो. भात निघालेले, खाचर मोकळे. विहिरीच्या मातीचा उंच ढिगारा होता, त्याला पाठ देऊन खोक्यावर कागद लावला. दगडी बांधावर कधी मारू नये. छर्रा उलटून डोळ्यात येतो. डोळ्यांना चष्मा सगळ्यांनीच लावावा, उडवणाऱ्यानेही आणि बघणाऱ्यानेही. पाखरावर किंवा रानजनावरावर नेम धरून बघण्याची तर बातच नको. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी आहे, आणि रानडुकरांचा त्रास असेल तर वनखात्याकडे अर्ज करावा लागतो. छऱ्याने डुक्कर मरत नाही, जखमी होऊन माणसावर येते.

दहा मीटर मोजून घेतले. वाळूच्या पिशवीवर मुलाचा हात आणि हातावर बंदूक अशी ठेवली. स्प्रिंगची बंदूक फळीवर टेकवून किंवा मुठीत घट्ट आवळून मारली तर ती दर वेळी वेगळी उडी घेते. तिला सैल हातावर नाचू द्यावे लागते. मुलाने पाच छर्रे मारले. पाचही भोके एका सुपारीएवढ्या जागेत, पण मधोमध नव्हे, खाली चार बोटे.

वडील म्हणाले, "बघा, चुकलाच की."

मी म्हटले, "अहो, हा चुकला नाही. पाचही एका जागी पडले म्हणजे हात शाबूत आहे. चुकलीय ती दुर्बीण."

वाचकहो, एक छर्रा मारून दुर्बिणीची चकती फिरवू नका. तीन किंवा पाच मारा, त्यांचा मध्य काढा आणि तेवढेच सरकवा. भोके जवळजवळ पण बाजूला असतील तर साइट हलवायची. भोके पसरलेली असतील तर चकतीला हात लावू नका. दस्त्याचे स्क्रू, पट्टा, नळीचा सांधा आणि मग धरणाऱ्याचा हात, या क्रमाने बघा. आणि भोके दर खेपेला एकाच दिशेने थोडी थोडी सरकत जात असतील तर पट्टा सरकतो आहे, हे धरून चाला.

चकतीचे गणितही मुलाला कोणी सांगितले नव्हते. त्या दुर्बिणीवर लिहिले होते, एक टिक् म्हणजे शंभर यार्डांवर पाव इंच. पोराने सरळ हिशेब केला, एक इंच हलवायला चार टिक्. पण आपण उभे दहा मीटरवर! तिथे एका टिकेने छर्रा पाऊण मिलिमीटरदेखील सरकत नाही. एक सेंटिमीटर हलवायला जवळजवळ चौदा टिका लागतात, इंचाला छत्तीस-सदतीस. पोर चार टिका फिरवायचा, फरक दिसायचा नाही, मग चिडून उलट फिरवायचा.

चौदाच्या हिशेबाने फिरवत गेलो. छर्रे वर चढले खरे, पण दोन बोटांवर येऊन थांबले. चकती फिरते, छर्रा जागचा हलत नाही. म्हणजे आतली हालचाल संपली किंवा हिसक्यांनी आतले मोडले. दुसरी एक परीक्षा केली. बंदूक पिशवीवर स्थिर ठेवली आणि तिला न हलवता डोळा जरा डावीउजवीकडे नेला, तर फुली कागदावर दोन बोटे फिरत होती. ती दुर्बीण शंभर यार्डांवर बघायला केलेली. दहा मीटरवर चित्रही धूसर आणि फुलीही फिरती. डोळा केसभर सरकला की नेम सरकला. पोराचा काय दोष?

मग मी दुर्बीण उतरवली आणि बंदुकीच्या स्वतःच्या मागच्या खाचेतून माशी धरून मारायला सांगितले. मोटर सुरू होत नसली तर आपण आधी फ्यूज बघतो, मग स्टार्टर, आणि शेवटी मोटर उघडतो. तशी ही बिनपैशाची तपासणी. जुन्या साइटने बंदूक नीट मारली तर गुन्हेगार दुर्बीण किंवा पट्टा, हे पक्के. यात लक्षात ठेवायचे एवढेच की मागची साइट ज्या बाजूला हलवाल त्या बाजूला छर्रा जातो, आणि पुढची माशी हलवली तर बरोबर उलट.

मुलाने दोन खेपा मारल्या. दुसऱ्या खेपेचे पाच छर्रे पाच रुपयांच्या नाण्याखाली झाकले गेले. वडिलांनी स्वतः नाणे ठेवून पाहिले, उचलले आणि पुन्हा ठेवले. बोलले काहीच नाहीत.

खरी गोष्ट मी त्यानंतर सांगितली, आणि ती आधी कोणी सांगितली असती तर तांदळाचे पैसे वाचले असते. रायफलच्या स्पर्धेत दुर्बीण चालतच नाही. शाळेच्या स्पर्धेत ओपन साइट म्हणजे खाच आणि माशी, आणि पीप साइट म्हणजे बारीक भोकातून बघायची, असे गट असतात. ऑलिंपिकमध्येही साइटला मोठे दिसणारी भिंगे लावायला मनाई आहे. दहा मीटरच्या कागदावर दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, आणि छर्रा साडेचार मिलिमीटरचा. एवढ्या ठिपक्यावर कोल्हापूरची तेजस्विनी सावंत, मुंबईची अंजली भागवत या मुली नेम धरायला शिकल्या, तो दुर्बिणीशिवायच. तेजस्विनीने २०१० साली म्युनिकला पन्नास मीटर प्रोनमध्ये जागतिक विजेतेपद मिळवले.

तेव्हा घरात मूल नेमबाजीचे नाव काढील तर दुकानात जाण्याआधी शाळेच्या क्रीडाशिक्षकांना नियम विचारा. आमच्या बाजूच्या लोकांना निगडीहून वाकडमार्गे बालेवाडीचे क्रीडासंकुल जवळ आहे. १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी ते उभे राहिले, तिथे नेमबाजीची रेंज आहे. एकदा नुसते बघून या. बंदूक घेताना पावती आणि ओळखीचा कागद सोबत ठेवा. ठरलेल्या मर्यादेतल्या छऱ्याच्या बंदुकीला परवाना लागत नाही, पण ती कुलपातच ठेवायची, आणि छर्रे वेगळ्या डब्यात.

निघताना गृहस्थांनी विचारले, "मग ह्या दुर्बिणीचं काय करू?"

मुलगाच म्हणाला, "आबा, बंदुकीवरनं काढलीच हाय, तर माळ्यावरनं पाटाचं पाणी कुठवर आलं ते बघायला ठेवू." फक्त सूर्याकडे तिच्यातून बघू नकोस, एवढे मी बजावले.

नाव मागे घेण्याचा विषय परत निघाला नाही.

पुढच्या अंकात खेडहून आलेल्या पत्राप्रमाणे फवारणी पंपाचे नोझल आणि त्यातून पडणारे औषध कसे मोजायचे ते पाहू. पत्रे पाठवताना पंपाचे माप लिहायला विसरू नका.