त्रिकोणाचा रंग आणि उंदराची साक्ष

चोपडा-धरणगावकडे वा शिंदखेड्याच्या शिवारात कपाशीवर फवारणी सुरू झाली की औषधाच्या बाटलीवरील रंगीत त्रिकोणाकडे फारसे कोणी पाहत नाही. लाल, पिवळा, निळा, हिरवा हे रंग १९७१ च्या कीटकनाशक नियमांतले. ज्या मात्रेने प्रयोगातील निम्मे प्राणी मरतात ती तोंडावाटे दर किलो वजनामागे ५० मिलिग्रॅमपर्यंत असल्यास लाल, ५०० पर्यंत पिवळा. निम्म्या मृत्यूंची ही कसोटी ट्रेव्हन यांनी १९२७ मध्ये मांडली, तीही औषधांची ताकद प्रमाणित करण्यासाठी. तिची जुनी रीत आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने २००२ मध्ये मागे घेतली; हिशेब मात्र राहिला.

यवतमाळात २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. विष त्वचेतून व श्वासातून गेले होते, आणि पंपात अनेकदा दोन-तीन औषधांचे मिश्रण होते. नियमांत त्वचेची कसोटीही आहे, पण तीही एकेका औषधाची.

मग पर्याय काय? मानवी त्वचेच्या तुकड्यातून औषध किती झिरपते, हे मोजण्याची प्राणिविरहित रीत २००४ पासून मान्य आहे. मात्र तीत त्वचा ३२ अंशांच्या आसपास ठेवतात. ऑक्टोबरच्या उन्हात घामाने भिजलेल्या पाठीवर गळणारा पंप तीत नाही. म्हणून नवी रीत आली की ती आंधळेपणाने स्वीकारावी, हा प्राणिमित्रांचा उतावळेपणा परवडणारा नाही. नाव झाकलेली तीच द्रव्ये अनेक प्रयोगशाळांत तपासून सर्वत्र तोच निष्कर्ष निघतो काय, आणि तो माणसाच्या अनुभवाशी जुळतो काय, हे आधी पाहिले पाहिजे. (उंदराला ही परीक्षा कधी द्यावी लागली नाही, तो वहिवाटीनेच साक्षीदार झाला.)

अडचण खर्चाची आहे. अशा पडताळणीचा लाभ सर्वांना, खर्च मात्र करणाऱ्या एकट्याला. तेव्हा कोणतीही कंपनी तो आपणहून उचलणार नाही. युरोपने १९९१ मध्येच यासाठी सार्वजनिक केंद्र काढले. जळगावच्या विद्यापीठात रसायन व जीवशास्त्राचे विभाग आहेत, शिरपुरात औषधनिर्माणशास्त्राचे महाविद्यालय आहे. कीटकनाशकांच्या विक्रीवर अल्पसा उपकर बसवून त्यातून या संस्थांना खानदेशी उन्हात, प्रत्यक्ष वापरातील मिश्रणांवर ही मोजणी करण्यास सांगणे शासनाला अवघड नाही. पहिली यादी कृषी सेवा केंद्रांच्या बिलबुकांतून काढावी. शेतकरी एकत्र काय नेतो, हे तिथेच लिहिलेले असते.