शेकरूचा फोटो
भीमाशंकरच्या जंगलात महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू दिवसा वावरते. सकाळी आणि दुपार कलल्यावर त्याची लगबग जास्त असते. ते उंच फांद्यांवर असल्याने मागे उजळ आकाश येते आणि पाठीचा तांबूस रंग काळवंडतो. म्हणून एक्स्पोजर एखाद्या स्टॉपने वाढवावे, फोकस डोळ्यावर धरावा. फळ कुरतडणाऱ्या शेकरूसाठी सेकंदाच्या १/५०० इतका शटर वेग पुरतो, झेपेसाठी १/२००० लागतो. फोटो रॉ स्वरूपात घेतल्यास सावलीतले तपशील संगणकावर उजळता येतात. वाढवलेल्या आयएसओमुळे आलेले दाणे मुख्यतः पार्श्वभूमीवरूनच काढावेत. डोळा आणि मिशांना बेताने धार द्यावी. क्रॉप करताना झुपकेदार शेपूट अखंड राखावी. पिल्ले असलेल्या घरट्याजवळ मात्र कॅमेरा नेऊच नये.