गाद्यांना ऊन दाखवा, ओढ्याला नको

मंडळी, ऊन म्हणजे स्वच्छता हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. गाद्या-उशांना ऊन दाखवायचं, साठवणीच्या डाळींना ऊन दाखवायचं, लोणच्याच्या बरण्या धुऊन उन्हात पालथ्या घालायच्या, तान्ह्या बाळाला कोवळ्या उन्हात धरायचं. इथे येऊन पंचवीस-तीस वर्षं झाली तरी डेकवर पापड-कुरडया वाळत घालणारी घरं आपल्या मंडळात आहेत, आणि त्यांत माझंही एक आहे. तेव्हा उन्हाशी माझं काही भांडण नाही. भांडण आहे ते उन्हाचं नाव पुढे करून ओढ्याकाठची झाडं तोडायला निघालेल्या विचाराशी.

विषय असा आहे. इथे आग्नेय पेन्सिल्व्हेनियात घरांच्या मागून वाहणारे लहान ओढे जागोजागी आहेत. आमच्या वसाहतीमागेही एक आहे. आमच्या होमओनर्स असोसिएशनपुढे, म्हणजे आपल्या भाषेत सोसायटीपुढे, असा ठराव आला आहे की घरांच्या बाजूच्या काठावरची सगळी झाडं-झुडपं काढून पाण्यापर्यंत लॉन करावं. कारणं तीन दिली आहेत. एक, घरातून पाणी दिसेल. दोन, डास आणि टिक्स कमी होतील. तीन, भरपूर ऊन मिळून ओढा 'निरोगी' होईल. येत्या वसंत ऋतूत मतदान आहे. ठरावाच्या बाजूने हिरिरीने बोलणाऱ्यांत आपली मराठी मंडळीही आहेत, म्हणून हा लेख मराठीत आणि आपल्याच स्मरणिकेत लिहिते आहे.

तिसऱ्या कारणापासून सुरुवात करते, कारण ते ऐकायला शास्त्रीय वाटतं आणि म्हणूनच ते जास्त फसवं आहे.

गेली काही वर्षं मी स्वयंसेवक म्हणून ओढ्यातले दगड उलटून किडे मोजते. ओढ्यातल्या दगडावर हात फिरवला तर एक पातळ, बुळबुळीत थर लागतो. ते शेवाळ. त्यात बहुतेक डायटम नावाच्या सूक्ष्म वनस्पती असतात. कुरणात गाई चराव्यात तसे काही किडे या थरावर चरतात. चपट्या अंगाची मेफ्लायची पिल्लं, वाळूच्या कणांचं घर पाठीवर घेऊन हिंडणारी कॅडिसफ्लायची अळी, आणि जुन्या तांब्याच्या पैशासारखी गोल, दगडाला चिकटून बसणारी 'वॉटर पेनी' ही त्यांतली नेहमीची मंडळी. हे किडे मासे खातात, आणि पंख फुटून बाहेर पडलेले किडे पक्षी, वटवाघळं आणि कोळी खातात. ओढ्याचा सगळा संसार या चरणाऱ्यांच्या आणि गळलेली पानं कुरतडणाऱ्या त्यांच्या भाऊबंदांच्या जिवावर चालतो.

आता ठरावाच्या समर्थकांचा युक्तिवाद ऐका. ऊन वाढलं की शेवाळ वाढेल, शेवाळ वाढलं की किड्यांना खायला जास्त, म्हणजे किडे जास्त आणि मासेही जास्त. यातला पहिला भाग खरा आहे, आणि मी तो नाकारत नाही. दाट सावलीत ओढ्याच्या तळापर्यंत पूर्ण उन्हाच्या काही टक्केच प्रकाश पोचतो आणि तिथले चरणारे किडे अनेकदा अर्धपोटी असतात. झाडं तोडल्यावर सुरुवातीला काही जातींची संख्या वाढतेही. पण गोष्ट तिथे संपत नाही.

एक तर शेवाळाला पूर्ण ऊन लागतच नाही. पूर्ण उन्हाच्या सुमारे एक-पंचमांश प्रकाशात या थराचं पोट भरतं, त्यापुढचं ऊन त्याच्या उपयोगाचं नसतं. ते पाणी तापवायला मात्र उपयोगी पडतं. आणि लॉनवर टाकलेलं खत पावसाबरोबर ओढ्यात उतरलं की भरीला भर. खत आणि ऊन एकत्र आले की डायटमच्या पातळ थराची जागा क्लॅडोफोरासारख्या लांब केसाळ हिरव्या शेवाळाला मिळते. दगड खरवडून खाणाऱ्या आमच्या किड्यांना ते खाता येत नाही. म्हणजे ताट भरलेलं दिसतं, पण ते दुसऱ्याच्या पोटाचं. गवत नाहीसं होऊन कुरणात नुसती काटेरी झुडपं माजली, तर 'हिरवळ वाढली' असं कुठला गवळी म्हणेल का?

दुसरी गोष्ट अतिनील किरणांची. आपण उन्हात जाताना मुलांना सनस्क्रीन चोपडतो. किड्यांना ते कोण चोपडणार? कॅनडात ब्रिटिश कोलंबियातल्या साउथ थॉम्पसन नदीवर बॉथवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग १९९४ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. नदीचं पाणी उथळ पन्हळींतून वाहवून त्यांनी काहींवर अतिनील किरण पडू दिले, काहींवर अडवले. सुरुवातीला अपेक्षेप्रमाणे अतिनील किरणांखालचं शेवाळ कमी वाढलं. पण काही आठवड्यांनी चित्र उलटलं आणि त्याच पन्हळींत शेवाळ जास्त झालं. कारण साधं होतं. शेवाळ खाणाऱ्या कायरोनोमिड या न चावणाऱ्या चिलटांच्या अळ्यांना अतिनील किरणांचा त्रास शेवाळापेक्षा जास्त होतो. चरणारे कमी झाले, कुरण माजलं. तेव्हा उघड्या ओढ्यात हिरवं शेवाळ वाढलेलं दिसलं, तर ते सुबत्तेचं लक्षण आहे की खाणारे गेल्याचं, हा प्रश्न आधी विचारावा लागतो.

झाडं ओढ्याला दोन प्रकारे छत्री धरतात. वरून पानांची, आणि पाण्यातूनही. गळून कुजलेल्या पानांचा अर्क पाण्यात उतरतो, चहा उतरावा तसा, आणि तो अतिनील किरण शोषून घेतो. झाडं गेली की दोन्ही छत्र्या हळूहळू जातात.

तिसरी गोष्ट उष्णतेची. १५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे १० मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, २५ अंशांच्या पाण्यात सव्वाआठ. पाणी तापतं तेव्हाच किड्यांचा श्वास जोरात चालतो, आणि नेमका तेव्हाच हवेचा तुटवडा. आपल्याच भागात ॲव्हनडेल इथे व्हाइट क्ले क्रीकच्या काठावर १९६७ पासून स्ट्राउड वॉटर रिसर्च सेंटर आहे. तिथल्या स्वीनी आणि व्हॅनोट यांनी १९७८ मध्ये मांडलं की आपल्या मानवणीपेक्षा गरम पाण्यात वाढलेल्या किड्यांच्या माद्या लहान राहतात आणि अंडी कमी घालतात. म्हणजे ऊन किड्याला मारलंच पाहिजे असं नाही, पुढची पिढी रोडावली तरी काम होतं. हे वरवर बघणाऱ्याला कळतही नाही. ओढा तसाच वाहतो, फक्त दरवर्षी त्यात जीव थोडा कमी असतो.

मग या किड्यांना ऊन नकोच का? हवं आहे, पण वेळेवर. इथली झाडं पानगळीची. मार्च-एप्रिलमध्ये फांद्या उघड्या असतात, सूर्य चढलेला असतो आणि पाणी थंड असतं. त्या पाच-सहा आठवड्यांत शेवाळ भरभरून वाढतं आणि चरणारे जीव त्यावर पोसले जातात. मग पालवी फुटते आणि छप्पर मिटतं. टेनेसीतल्या वॉकर ब्रांच या ओढ्यावर हे बारकाईने मोजलेलं आहे. तिथल्या शेवाळ खाणाऱ्या गोगलगायींची वाढही पालवी फुटल्यावर मंदावते. उन्हाळ्यात सावली आणि शरदात पानांचा वर्षाव, असं हे वर्षाचं रेशनकार्ड झाडांनी आखलेलं आहे. १९८० साली व्हॅनोट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नदीच्या उगमापासून मुखापर्यंतच्या जीवसृष्टीचा जो प्रसिद्ध आराखडा मांडला, त्यातही उगमाकडचे लहान ओढे सावलीचे आणि पानांवर जगणारे, आणि रुंद नदी उन्हाची, असाच क्रम आहे. आपला ओढा म्हणजे लहान मुलगा. त्याला मोठ्या नदीचे कपडे घालू नका.

आता उरलेली दोन कारणं. डास साचलेल्या पाण्यात वाढतात. खळाळत्या ओढ्यात नव्हे, तर तुंबलेल्या गटरमध्ये, कुंड्यांखालच्या बशांत आणि मुलांच्या विसरलेल्या बादल्यांत. आधी तिथे बघा. टिक्सची भीती मात्र खरी आहे. लाइम रोग म्हणजे गंमत नव्हे, आणि ज्यांच्या घरात तो झाला त्यांची काळजी मी समजू शकते. पण त्यावर सरकारी आरोग्य खात्याचाच, म्हणजे सीडीसीचा, सल्ला आहे की लॉन आणि झाडी यांच्यामध्ये ३ फूट रुंदीचा लाकडाच्या ढलप्यांचा किंवा खडीचा पट्टा ठेवा. त्यासाठी अख्खा काठ बोडका करावा लागत नाही. किडीने मेलेली ॲशची झाडं घरावर पडतील असं वाटत असेल तर तेवढी जरूर काढा, आणि त्यांच्या जागी दुसरी लावा.

राहता राहिला 'व्ह्यू'. घरातून पाणी दिसावं ही हौस मला कळते. पण स्ट्राउडच्याच संशोधकांनी १६ ओढ्यांचा अभ्यास करून २००४ मध्ये दाखवलं की काठावरचं जंगल गेलं की ओढा अरुंद होतो, कारण गवत दोन्ही बाजूंनी पात्रात शिरतं. आत राहणाऱ्यांची जागाच कमी होते. ज्या पाण्यासाठी झाडं पाडायची, तेच आक्रसलेलं बघायला मिळणार! मग हौस कसली फिटली?

एक काका मला म्हणाले, "अहो, आपण इथे बाहेरून आलेलो. कशाला या भानगडीत पडता?" काकांचा मान ठेवून सांगते, हे मला पटत नाही. टॅक्स भरताना, शाळेचा जिल्हा बघून घर घेताना, घराची किंमत वाढली की पेढे वाटताना आपण इथलेच असतो. मग ओढ्याच्या वेळीच पाहुणे कसे?

आणि आपल्याला हे नवं आहे असंही नाही. सह्याद्रीतल्या देवराया आठवा. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात त्यांचा अभ्यास करून त्यांचं महत्त्व जगापुढे मांडलं. कितीतरी देवराया झऱ्यांच्या, ओढ्यांच्या उगमाशी आहेत, आणि कडक नेम असलेल्या राईतून वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही. त्या माणसांनी किडे मोजले नव्हते. पण पाण्याच्या डोक्यावर सावली हवी, एवढं त्यांना ठाऊक होतं. आपण देवराईचे फोटो एकमेकांना पाठवून हळहळतो, आणि स्वतःच्या परसातल्या ओढ्यावर करवत चालवायला हात वर करतो. हे बरं नव्हे.

माझं मागणं मोठं नाही. स्वीनी आणि न्यूबोल्ड यांनी २०१४ मध्ये उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेऊन सांगितलं की लहान ओढ्यांना नीट जपायचं तर काठावर निदान ३० मीटर, म्हणजे सुमारे १०० फूट, झाडांचा पट्टा हवा. सगळीकडे तेवढी जागा नसेल. पण आहे ती झाडी तरी तोडू नका. त्यातून पाण्यापर्यंत एक वळणाची पायवाट ठेवा, एक बाक ठेवा, व्ह्यू तिथे बसून बघा. जिथे काठ उघडा आहे तिथे सिकमोर, रेड मेपल, रिव्हर बर्च ही इथलीच झाडं लावा. काठापासून लांबपर्यंत खत टाकू नका.

आणि मतदानाला या. 'मला काय त्याचं' म्हणून घरी बसलेलं मतही ठरावाच्याच बाजूला जातं. येण्याआधी एखाद्या शनिवारी मुलांना घेऊन ओढ्यावर या. एक दगड उलटा करून दाखवीन. खालच्या बाजूला, उन्हापासून लपून बसलेला तो तांब्याचा पैसा मुलांच्या बोटावर ठेवा. मग दगड होता तसा परत ठेवा, आणि ठरावावर काय मत द्यायचं ते मुलांनाच विचारा.