साडेतीन तासांचे लग्न

गेल्या लग्नसराईत सुरतेतील एका मराठी घरच्या लग्नास आम्ही गेलो होतो. भटजी अंतरपाट धरून उभे, आणि निम्मे वऱ्हाड नवरदेवाचे जोडे पळविण्यात दंग! मुहूर्त टळला. आमच्याकडे कानपिळी होतीच. जोड्यांचा हा उपद्व्याप आमच्या रूढीत नव्हता. ज्या चित्रपटाने तो आमच्या घरांत रुजविला, त्या ‘हम आपके हैं कौन’विषयी चार शब्द स्पष्ट लिहिणे आम्हांस अवश्य वाटते.

सूरज बडजात्यांच्या या १९९४ सालच्या चित्रपटाची लांबी सुमारे साडेतीन तास, गाणी १४. माधुरी दीक्षित, रेणुका शहाणे, रीमा लागू, लक्ष्मीकांत बेर्डे, संगीतकार राम-लक्ष्मण (म्हणजे विजय पाटील), इतकी आपली माणसे त्यात असल्याने त्यास नावे ठेवणे मराठी घरांत अजून पाप समजतात. शिवाय आमच्या रिंग रोडचा कापडबाजार! पडद्यावरची साडी तेथे विकली जाते, म्हणून आम्ही तोंड बंद ठेवावे काय? त्या काळच्या मारामारीला व अचकटविचकटपणाला विटलेल्या आबालवृद्धांनी हा चित्रपट डोक्यावर घेतला, हेही खरे. आमची तक्रार नुसत्या लांबीविषयी नाही. त्या लांबीत काय भरले, याविषयी आहे.

लग्न, डोहाळे, मूल, प्रत्येकास गाणे आहे. मग थोरली सून जिन्यावरून पडून मरते. तान्ह्या मुलास आई हवी, म्हणून तिच्या धाकट्या बहिणीचे, निशाचे, लग्न विधुर मेहुण्याशी ठरते. निशाच्या मनात मेहुण्याचा धाकटा भाऊ. त्याच्याचसाठी विचारताहेत अशा समजुतीने ती होकार देते. वकिलीत केस पिकलेल्या माणसाने येथे थबकावेच. वर कोण हेच ठाऊक नसता दिलेला होकार कसला? बळजबरीने वा कपटाने मिळविलेल्या संमतीवर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात दाद आहे. परंतु येथे बळजबरी नाही, कपट नाही. सारेच सज्जन आहेत! कायद्याच्या चिमटीत न सापडणारे असे गप्प होकार आम्ही कितीतरी घरांत पाहिले आहेत. उशीच्या खेळाला चित्रपटात जेवढा अवकाश आहे, तेवढाही या मुलीचे मन विचारण्यास मिळत नाही. पुढचे ‘हम साथ-साथ हैं’ (१९९९), ‘कभी खुशी कभी गम’ (२००१) याच वाटेचे. घरे तेवढी मोठी झाली.

संगीतात असेच चालायचे, असे कोणी म्हणेल. देवलांचे ‘शारदा’ (१८९९) पाहावे. पदांची रेलचेल तेथेही आहे. परंतु पैशासाठी पोर म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधणारा बाप तेथे पदांआड लपत नाही, आणि शारदेचे दुःख पदांतूनच बाहेर येते. (१९२९ च्या शारदा कायद्याचे नाव या नाटकावरून पडले, असे सांगणारे अजून भेटतात; ते हरबिलास सारडांवरून पडले.)

आणि निशाची सुटका होते कशी? नोकर कृष्णाच्या मूर्तीपुढे हात जोडतो, नि घरचे कुत्रे तिची चिठ्ठी थोरल्या भावाच्या हाती नेऊन देते. देव संकटी धावतो ही आमचीही श्रद्धा आहे. द्रौपदीसाठी तो धावला. पण तिने आधी भरसभेत भीष्मादिकांना प्रश्न विचारला होता. येथे निशा तोंड उघडत नाही, आणि दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांपैकी एकासही तिला बाजूस घेऊन विचारावेसे वाटत नाही.