शपथेनंतर काय?

प्रायश्चित्तकाळ आला की वेदीसमोर दारू सोडण्याच्या शपथा घेतल्या जातात. चाळीस दिवस सरतात, पुनरुत्थानाचा सण येतो आणि सणाच्याच जेवणात पेला पुन्हा भरला जातो. मग आम्ही एकमेकांना सांगतो, ‘त्याची श्रद्धाच कच्ची!’ वाचकहो, या निवाड्याला आमचा स्पष्ट विरोध आहे. कच्ची असते ती तयारी. आणि ती त्याच्या एकट्याची नसते, आपल्या सर्वांची असते.

दारू सोडणे म्हणजे बाटली खाली ठेवणे, एवढाच आपला समज. प्रत्यक्षात वर्षानुवर्षे दारूखाली दाबून ठेवलेले दुःख, संताप, अपराधीपणा आणि भीती बाटली दूर होताच उसळून वर येतात. झोप उडते, क्षुल्लक शब्दाने तोल जातो, आणि हे कित्येक महिने चालू शकते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लाट यांनी पुन्हा व्यसनाकडे वळलेल्यांचा अभ्यास केला, तेव्हा अशा क्लेशदायक भावना हे त्याचे एक प्रमुख कारण असल्याचे दिसून आले. अशा माणसाला ‘मन घट्ट कर’ म्हणणे म्हणजे पोहता न येणाऱ्याला काठावरून ‘बुडू नकोस’ म्हणून ओरडणे होय.

पोहणे शिकता येते, तसे हेही शिकता येते. ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’च्या मंडळींत चार प्रश्न स्वतःला विचारण्याची रीत आहे: भूक लागली आहे काय? राग आला आहे काय? एकटे वाटते आहे काय? थकवा आला आहे काय? आता आपल्या सांगवीतला कामगार डोळ्यांपुढे आणा. चाकणहून रात्रपाळी करून तो कंपनीच्या बसमधून सकाळी उतरतो, तेव्हा हे चारही शत्रू त्याच्यासोबत उंबरठा ओलांडतात. त्या घटकेला त्याला हवे असते गरम जेवण आणि झोप. मागल्या वर्षांचा हिशेब नव्हे. तलफ लाटेसारखी असते. बहुधा अर्ध्या तासाच्या आत ती ओसरू लागते. तेवढा वेळ काढण्याचे उपाय साधे आहेत: उठलेल्या भावनेला नाव देणे, तोंडावर गार पाणी मारणे, श्वास सावकाश सोडणे, विश्वासातल्या माणसाला फोन करणे.

काही जण म्हणतील, हे मानसशास्त्राचे खूळ आहे, प्रार्थना पुरेशी आहे. त्यांनी पवित्र शास्त्र उघडावे. रतामाच्या झुडपाखाली मरण मागणाऱ्या एलियाला देवदूताने उपदेश केला नाही. भाकर दिली, पाणी दिले, झोपू दिले आणि पुन्हा उठवून खाऊ घातले. चाळीस दिवसांची वाटचाल त्यानंतरची. फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये ‘कृपा फाउंडेशन’ सुरू केले आणि प्रार्थनेच्या जोडीला पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांची योगविद्या घेतली. त्यामुळे श्रद्धेला उणेपणा आला काय? सांगवीहून फार दूर नसलेल्या येरवड्यात १९८६ पासून चालणाऱ्या ‘मुक्तांगण’नेही व्यसनी माणसाच्या पत्नीसाठी ‘सहचरी’ गट उभा केला. कारण घरालाही शिकावे लागते. समजून घेणे म्हणजे मार सोसणे मात्र नव्हे, हेही आम्ही येथे बजावून ठेवतो.

तेव्हा धर्मग्रामाकडे आमच्या मागण्या अशा. कामाच्या पाळ्या पाहून सभागृहातील एक खोली अशा बैठकांसाठी उघडी राहावी. अपरात्रीही फोन उचलतील अशी चार माणसे पुढे यावीत. लग्नाच्या व बाप्तिस्म्याच्या मेजवानीत ‘एकच घोट’ हा आग्रह बंद व्हावा. रोज भरपूर पिणाऱ्याने डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून एकाएकी दारू तोडू नये, कारण त्यातून झटके येऊन जीवही जाऊ शकतो, हे प्रवचनातून सांगितले जावे. आणि ज्याच्या मनात जीव देण्याचे विचार येतात, त्याच्या घरच्यांना ‘टेली-मानस’चा १४४१६ हा रात्रंदिवस चालणारा क्रमांक ठाऊक असावा.

गेथसेमनी बागेत प्रभूने शिष्यांकडे आपल्यासोबत जागे राहण्याचीच मागणी केली होती, आणि ते झोपी गेले. येत्या प्रायश्चित्तकाळात दारू सोडणाऱ्याने शपथ जरूर घ्यावी. परंतु त्याच्यासोबत जागे राहण्याची शपथ आधी आपण घ्यावी.