जनुक संपादनाच्या प्रयोगशाळेला बिंदुनामावली का नाही?

4 मे 2025 रोजी केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी दिल्लीत जनुक संपादन केलेल्या भाताच्या दोन जाती जाहीर केल्या. त्या दिवसापासून दोन छावण्या आपापल्या जागी उभ्या आहेत. एक छावणी म्हणते, देश महासत्ता झाला. दुसरी म्हणते, निसर्गाशी खेळ चालला आहे, आपले शुद्ध देशी बियाणे बाटवले जात आहे. पहिल्या छावणीशी आपला फारसा संबंध येत नाही. पण दुसऱ्या छावणीचे मजकूर आपलेच कार्यकर्ते वर 'जयभीम' लिहून पुढे ढकलतात, म्हणून हा लेख लिहावा लागतो आहे.

माझे म्हणणे असे आहे. पिकाला रोग येऊ नये म्हणून चाललेले संशोधन हा शेतमालकाच्या आधी शेतमजुराचा प्रश्न आहे, म्हणजे आपला आहे. त्या संशोधनाची दिशा ज्या टेबलावर ठरते तिथे आपली माणसे बसू शकत नाहीत, कारण तिथपर्यंत आरक्षण पोहोचूच दिलेले नाही. आपण भांडायचे असेल तर या गोष्टीसाठी भांडले पाहिजे.

आधी हे तंत्र काय आहे ते समजून घेऊ. आमच्या भंडारा-गोंदियात धान हेच पीक. धानावर जिवाणूजन्य करपा येतो. पानाची कड पिवळी पडते, वाळत आत सरकते आणि लोंबी पोचट राहते. हा झान्थोमोनास नावाच्या जिवाणूचा उद्योग. तो पानात शिरून धानाच्या पेशीत स्वतःची प्रथिने सोडतो. धानात 'स्वीट' नावाची जनुके आहेत, ती पेशीतील साखर बाहेर सोडण्याची दारे तयार करतात. प्रत्येक जनुकाच्या आधी एक भाग असतो, तिथून ते चालू-बंद होते. जिवाणूची प्रथिने नेमकी त्या भागावर जाऊन बसतात, दार उघडते आणि जिवाणूला फुकटचे जेवण मिळते. 2019 साली अनेक देशांतील संशोधकांच्या एका गटाने क्रिस्पर तंत्राने तीन स्वीट जनुकांच्या आधीच्या भागातील मोजकी अक्षरे बदलली. जिवाणूचा हात दारापर्यंत पोहोचतो, पण कडी जागेवर सापडत नाही. बीटी कापसात बाहेरच्या जिवाणूचे जनुक घातलेले आहे. इथे अखेरच्या रोपात बाहेरचे जनुक उरत नाही. असा बदल निसर्गातही होतो. 'एक्सए-13' नावाचा धानातील नैसर्गिक प्रतिकार हा याच प्रकारचा आहे.

म्हणून यात 'बाटणे' कुठे आले, हे मला कोणी समजावून सांगावे. शब्द नीट ऐका. शुद्ध वाण, बाटलेले वाण, संकर. संकराची भीती या देशात कोणी, कोणत्या ग्रंथातून पेरली, हे बाबासाहेबांच्या माणसाला सांगायला नको. वर्णसंकर होऊ नये म्हणून ज्यांनी आपल्याला गावकुसाबाहेर ठेवले त्यांचीच भाषा आज बियाण्याच्या पाकिटावर चढली आहे, सोबतीला गोमूत्र आहेच. बहात्तरच्या दुष्काळाच्या दिवसांत आपल्या आज्यांनी हायब्रीड ज्वारीच्या भाकरी थापल्या, तेव्हा त्यांनी तिचे कुळ विचारले नव्हते.

पण याचा अर्थ प्रयोगशाळेतून येईल ते डोके लावून स्वीकारायचे असाही नाही. कालामांना बुद्धांनी काय सांगितले ते आपण जाणतो. जनुक संपादनाशिवाय गत्यंतर नाही असे सांगणारेही अर्धेच सांगतात. करप्याला तोंड देणारी सांबा मसुरी हैदराबादच्या दोन सरकारी संस्थांनी मिळून 2008 सालीच आणली होती. त्यात संपादन नव्हते. साधा संकर होता आणि योग्य रोपे निवडायला जनुकीय खुणांची मदत घेतली होती. त्या जातीत तीन प्रतिकारक जनुके आहेत. त्यांपैकी 'एक्सए-21'ची गोष्ट प्रत्येक भीमसैनिकाला माहीत असायला हवी.

हे जनुक आफ्रिकेतील माली देशाच्या एका जंगली धानातून आले. बाकी शेतकऱ्यांच्या दृष्टीने ते धान म्हणजे तण. ते वेचून खाणारे लोक म्हणजे तिथला बेला समाज, भूमिहीन आणि भटका. त्या धानाचा नमुना फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत गेला. तिथे त्यातील प्रतिकारशक्ती नेहमीच्या धानात आणली गेली. मग 1995 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील प्रयोगशाळेने ते जनुक वेगळे काढले आणि विद्यापीठाने पेटंट घेतले. ज्यांच्या देशातून वाण आले त्यांना काही मिळावे म्हणून तिथल्या संशोधिका पामेला रोनाल्ड यांच्या पुढाकाराने एक निधीही काढण्यात आला. हेतू चांगला होता. पण कंपन्यांनी त्या जनुकाची जात बाजारात आणली नाही आणि निधीत पडायला रॉयल्टीच आली नाही. म्हणजे ज्यांच्या ताटातले तण जगाच्या कामाला आले, ते भूमिहीन होते तसेच राहिले. त्या साखळीत गोळा करणारा होता, तपासणारा होता, जनुक काढणारा होता, पेटंटवाला होता. बेला माणूस एकाही प्रयोगशाळेत नव्हता. आपली जागा या साखळीत कुठे आहे, हे आता विचारावे लागेल.

मजुराचा प्रश्न का म्हणते, तेही सांगते. पिकावर रोग आला की मालक दुकानात जातो आणि औषध आणतो. पंप पाठीवर कोण घेतो? 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे मेली. शेकडो दवाखान्यात गेली, कित्येकांच्या डोळ्यांवर परिणाम झाला. त्यांत शेतकरी होते आणि रोजाने फवारायला गेलेले मजूरही होते. ती फवारणी किडीसाठी होती, रोगासाठी नव्हती, हे मान्य. पण पंप तोच, पाठ तीच, आणि हातमोजे तेव्हाही नव्हते. ज्या झाडाला रोगच कमी येतो त्याच्यावर फवारे कमी मारावे लागतात. म्हणून रोगप्रतिकारक जात ही आपल्या दृष्टीने आरोग्याची मागणी आहे, कामगार सुरक्षेची मागणी आहे.

आता बघा, मे 2025 मधल्या दोन जाती कशासाठी आहेत. हैदराबादची 'कमला' ही सांबा मसुरीतून काढलेली, तिचा मुख्य दावा जास्त उत्पादनाचा. दिल्लीच्या पुसा संस्थेची 'पुसा डीएसटी राइस 1' ही एमटीयू 1010 मधून काढलेली, ती दुष्काळ आणि खारेपणा सोसावा म्हणून. दोन्ही उपयोगी असतील, मी नाकारत नाही. पण पहिला मान रोगप्रतिकाराला मिळाला नाही. 2023 साली विदर्भात सोयाबीनवर पिवळा मोझॅक आला आणि उभी शेते पिवळी पडली. तुरीवर मर रोग दरवर्षी असतो. कोणता रोग हा 'राष्ट्रीय प्रश्न' आणि कोणता 'स्थानिक अडचण', हे कोणीतरी ठरवतेच. गरिबाच्या पिकावर काम होऊ शकत नाही असेही नाही. अमेरिकेतील एका ना-नफा संशोधन केंद्रात आफ्रिकेतील गरिबांच्या कसाव्यावर, त्याच्या तपकिरी पट्ट्यांच्या विषाणूरोगावर जनुक संपादनाने काम झाले. विषाणू पूर्ण थांबला नाही, रोगाची लक्षणे कमी झाली. पण कोणीतरी तो प्रश्न टेबलावर घेतला.

त्या टेबलाचे नाव पोस्टडॉक. पीएच.डी. झाल्यावर दोन-चार वर्षे एखाद्या प्रयोगशाळेत केलेले संशोधन. कोणते जनुक निवडायचे, कुठे कापायचे, कोणत्या जातीवर करायचे याचे रोजचे काम आणि बरेचसे रोजचे निर्णय याच माणसाच्या हातात असतात. प्रमुखाच्या नावावर प्रकल्प असतो, हात पोस्टडॉकचे चालतात. पुढे शास्त्रज्ञाची कायम नोकरी हवी तर याच काळातले शोधनिबंध मोजले जातात. आणि ही जागा मिळते कशी? बहुतेक वेळा एका ई-मेलवर. तुमचा मार्गदर्शक कोणाला ओळखतो यावर. प्रकल्पाच्या पैशातून भरल्या जाणाऱ्या या जागांना व्यवहारात बिंदुनामावली लागत नाही. गावकीत जसे 'कोणाचा रे तू?' विचारतात तसेच इथे इंग्रजीत विचारतात.

माझ्या कामाच्या भागातील एक मुलगी आहे. आई आजही रोवणीला जाते. मुलीने वनस्पती जैवतंत्रज्ञानात पीएच.डी. केली, तीही धानाच्या रोगावर. जिथे जिथे असे काम चालते तिथे तिने पत्रे पाठवली. बहुतेकांनी उत्तर दिले नाही, दोघांनी 'तुमचे मार्गदर्शक कोण' एवढेच विचारले. आज ती एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते. करपा म्हणजे काय हे जिला पुस्तकात वाचायच्या आधीपासून माहीत आहे, तिच्या डोक्याचा या देशाला उपयोग नाही.

यावर ठरलेले उत्तर येते की विज्ञानाला जात नसते. नसेल. पण शासन आदेशाला असते. केंद्र सरकारच्या 1975 च्या आदेशाने गट 'अ'मधील सर्वांत खालच्या पायरीच्या वरची, संशोधन करणारी किंवा त्याचे मार्गदर्शन करणारी वैज्ञानिक पदे आरक्षणातून वगळता येतात. 2019 साली केंद्रीय शिक्षणसंस्थांतील शिक्षकपदांच्या आरक्षणाचा कायदा झाला, त्यातही मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेसह काही संस्था परिशिष्टात टाकून बाहेर ठेवल्या. कृषी संशोधन सेवेच्या प्रवेशाच्या पायरीवर राखीव जागा आहेत, हे मान्य. पण त्या पायरीच्या आधी पोस्टडॉकची गाळणी आहे आणि त्या पायरीच्या वर 1975 ची. मधल्या एका पायरीवर उभे करून म्हणायचे, चढा.

परदेशी जावे म्हटले तर केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आणि राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती, दोन्ही पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी. त्यापुढे रस्ता संपतो. बार्टीची अधिछात्रवृत्तीही पीएच.डी.पर्यंत. शिवाय 2022 साली केंद्राने आपल्या शिष्यवृत्तीतून भारतीय संस्कृती, इतिहास आणि भारताच्या सामाजिक अभ्यासाचे विषय वगळले. मी समाजशास्त्राची विद्यार्थिनी, मला ते झोंबले. तेव्हा काही शहाण्यांनी सांगितले की मग विज्ञान शिका ना! विज्ञान शिकलेल्यांचे काय होते ते वर लिहिले आहे.

आपल्या चळवळीलाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. विज्ञानाची पदवी घेतलेला हुशार पोरगा दिसला की आपण त्याला स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बसवतो. साहेब झाला की सत्कार, शास्त्रज्ञ झाला तर कोणाला पत्ता नाही. बाबासाहेबांनी 1918 साली हिंदुस्थानातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. त्यात त्यांनी मांडले की शेत किफायतशीर आहे की नाही हे नुसत्या एकरांवर ठरत नाही, त्या जमिनीला लावलेल्या इतर साधनांच्या प्रमाणावर ठरते. बियाणे हे असेच एक साधन आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी 1959 आणि 1964 ला भूमिहीनांसाठी सत्याग्रह केले. आज त्यांच्याच नावाच्या योजनेत भूमिहीनाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत देण्याची तरतूद आहे. ती जमीन मिळालीच, तर त्यात पेरायचे बी कोणाच्या मालकीचे असेल? क्रिस्परच्या शेतीतील वापराच्या पेटंटांचे मोठे गाठोडे अमेरिकेतील ब्रॉड इन्स्टिट्यूट आणि कॉर्टेव्हा कंपनीकडे आहे. प्रयोगशाळेत वापरणे वेगळे, बी विकायचे तर परवाना घेणे वेगळे. 2001 च्या कायद्याने शेतकऱ्याला बी राखण्याचा, पेरण्याचा, अदलाबदल करण्याचा हक्क दिला आहे. संपादित जातींवर तो हक्क तसाच लागू राहील, असे सरकारने लेखी सांगावे. आणि 30 मार्च 2022 ला बाहेरचे जनुक नसलेल्या संपादित पिकांना जनुकीय अभियांत्रिकी मूल्यांकन समितीच्या तपासणीतून सूट दिली, ती मला पटत नाही. आता तपासणीचा भार मुख्यतः संस्थेच्याच जैवसुरक्षा समितीवर आहे. तिथे शेतमजुराचा प्रतिनिधी नाही. चाचण्यांची आकडेवारी सर्वांसाठी खुली केली पाहिजे.

मागण्या मांडायच्या तर हातात आकडे हवेत. म्हणून प्रत्येक जिल्ह्यातून किमान एका कार्यकर्त्याने माहिती अधिकाराचा अर्ज टाकावा. हैदराबादची भारतीय भात संशोधन संस्था, दिल्लीची पुसा, कटकची भात संशोधन संस्था, इथपासून सुरुवात करू. गेल्या पाच वर्षांत जनुक संपादनाच्या प्रकल्पांत किती रिसर्च असोसिएट आणि पोस्टडॉक नेमले? त्यांपैकी अनुसूचित जाती, जमाती, विमुक्त-भटके आणि इतर मागासवर्गीय किती? जाहिरात दिली होती का, दिली असल्यास तिची प्रत द्या. जैवसुरक्षा समितीत कोणत्या पदावरचे किती सदस्य आहेत? कोणत्या पिकाच्या कोणत्या रोगावर किती निधी मंजूर झाला? नावे मागू नका, संख्या मागा, नाहीतर वैयक्तिक माहितीचे कलम दाखवतील. शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. 'माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही' असे उत्तर आले तर ते फेकू नका. मिळाल्या तारखेपासून 30 दिवसांत पहिले अपील करायचे आहे, त्याला तोच कागद जोडावा लागतो.